रजिस्टरमध्ये त्याची सही होती

अपघात झाला की सगळ्यात आधी शोधतात ते सेफ्टी ट्रेनिंगचं रजिस्टर. आमच्याकडेही तेच झालं. मुलाला दवाखान्यात नेलं होतं, बेल्टजवळचं रक्त अजून पुसलं नव्हतं आणि ऑफिसात तीन माणसं पानं उलटत होती. सही सापडली. तिघांच्याही जिवात जीव आला. त्या तिघांत मी होतो. बरीच वर्षं हे कुणाला बोललो नाही, आज लिहितोय.

कामावर त्याचा अकरावा दिवस होता. कन्व्हेयरच्या रोलरला चिकटलेला माल तो हाताने काढायला गेला, बेल्ट चालू असताना. उजव्या हाताची दोन बोटं गेली. ट्रेनिंग पहिल्याच दिवशी झालं होतं. दीड तास अंधाऱ्या खोलीत स्लाइड दाखवल्या, त्याही त्याला धड वाचता न येणाऱ्या भाषेत, आणि शेवटी सही घेतली. 'चालू मशीनला हात लावू नये' असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मी भेटायला गेलो तेव्हा तो एवढंच म्हणाला, "साहेब, बेल्ट बंद कुठून करायचा ते मला कुणी दाखवलंच नव्हतं. सगळे तसाच माल काढायचे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पण तेव्हापासून मी कामगारांना शिकवतो, आणि माझं मत पक्कं झालंय: ज्या ट्रेनिंगमध्ये कामगाराचा हात खऱ्या मशीनच्या खऱ्या स्विचपर्यंत पोचत नाही, ते ट्रेनिंग झालं असं म्हणू नये.

हे माझ्या एकट्याचं म्हणणं नाही. २००६ साली ९५ अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यात हेच दिसलं की नुसतं भाषण किंवा व्हिडिओ यांपेक्षा स्वतः करून बघायला लावणारं शिक्षण कितीतरी जास्त परिणाम करतं. नव्या माणसाचं तर विचारूच नका. कॅनडातल्या संशोधनात पहिल्या महिन्यातल्या कामगाराला इजा होण्याचा धोका वर्षभराहून जुन्या कामगाराच्या तिपटीहून जास्त आढळला. नेमक्या याच महिन्यात आपण त्याला घाईने लाइनवर उभं करतो आणि "बघून बघून शिकशील" म्हणतो. तो शिकतोच. जुने जे चुकीचं करतात तेच शिकतो.

बेल्टचंच घ्या. "हात खेचला जायला लागला तर पटकन मागे घेईन" असं प्रत्येकाला वाटतं. बेल्ट सेकंदाला दीड मीटर धावत असेल, आणि काहीतरी चुकलंय हे कळून हात हलायला पाव सेकंद लागत असेल, तर तेवढ्यात बेल्ट ३७ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे जवळजवळ कोपरापर्यंत. मी हे फळ्यावर लिहीत नाही. बंद बेल्टवर खडूने दोन रेघा मारतो आणि मुलांना मधे हात ठेवायला सांगतो. मग कुणी काही बोलत नाही.

दुरुस्तीच्या वेळी कुलूप लावायची पद्धतही अशीच शिकवावी लागते. मेन स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप घालायचं, नावाची पाटी अडकवायची आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. चार जण काम करत असतील तर कुलपंही चार. एवढं बहुतेकांना पाठ असतं. राहून जाते ती पुढची पायरी: स्टार्ट बटण दाबून बघणं. खरंच बंद आहे ना? भलताच स्विच तर बंद केला नाही ना? शिवाय वीज गेली तरी वर उचललेलं वजन खाली यायचं असतं, दाबलेली स्प्रिंग सुटायची असते, पाइपात प्रेशर असतं. ते मोकळं केल्याशिवाय मशीन 'बंद' नसतं.

काही गोष्टी तर साध्या अंदाजाच्या उलट असतात. हातमोजा हात वाचवतो, पण ड्रिल किंवा लेथवर फिरत्या भागात तोच अडकतो आणि हाताला ओढून नेतो. हे सांगितल्याशिवाय कसं कळणार?

मला सगळ्यात जास्त भीती टाकीची वाटते. टाकी, मॅनहोल, खोल खड्डा, जिथे हवा खेळत नाही अशी कुठलीही जागा. एक जण आत उतरतो आणि कोसळतो. वरचा त्याला काढायला उडी मारतो, तोही कोसळतो. मग तिसरा. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेने १९८६ मध्येच सांगितलं होतं की अशा जागी मरणाऱ्यांत ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. तो खूप कमी झाला तर माणूस दोन-चार श्वासांतच शुद्ध हरपतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही. हायड्रोजन सल्फाइडला सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं आणि माणूस आत उतरतो. म्हणून मीटरने हवा मोजल्याशिवाय आत जायचं नाही, आणि आतला पडला तर मागोमाग उतरायचं नाही. दोर, तिपाई आणि कप्पी आधीच वर तयार हवी. डोळ्यांसमोर मित्र पडलेला असताना वर थांबणं फार कठीण आहे हो. ते अंगात मुरायला पुन्हा पुन्हा सराव करावा लागतो. एका स्लाइडने होत नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण ट्रेनिंगच्या नावाखाली मालक लोक हात झटकतात ते मला मान्य नाही. २०१२ च्या एका आढाव्यात दिसलं की ट्रेनिंगने कामगाराचं वागणं बदलतं याचा पुरावा भक्कम आहे, पण फक्त ट्रेनिंगने इजा कमी होतात असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. मला यात नवल वाटलं नाही. त्या रोलरवर जाळीचा गार्ड असता तर अकरा दिवसांच्या मुलाचा हात तिथे पोचलाच नसता. आधी धोकाच काढून टाका, जमत नसेल तर त्याला झाका, मग शिकवा, आणि हेल्मेट-हातमोजे सगळ्यात शेवटी. आपल्याकडे सुरुवातच हेल्मेटपासून होते.

आणि शिकायचं फक्त कामगारांनीच का? ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर १६७ माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला होता, आणि रात्रपाळीला ते माहीत नव्हतं. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हाच चालू केला. पाळी बदलताना एक निरोप पोचला नाही. पाळी सोपवायला सुपरवायझरला कोण शिकवतं? मला कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटी सगळं एका जागी येऊन अडतं. "काही गडबड वाटली तर लाइन थांबवा" असं आम्ही शिकवतो. पण थांबवणाऱ्याचं पुढे काय होतं, ते सगळे बघत असतात. मध्यंतरी एका नव्या मुलीने आवाज वेगळा येतोय म्हणून लाइन थांबवली. वीस मिनिटं गेली, आणि निघाला गार्डचा एक सैल बोल्ट. मॅनेजर आले, "कुणी थांबवली?" विचारलं. तिचा चेहरा उतरला होता. त्यांनी सगळ्यांसमोर तिला सांगितलं, "बरं केलंस. पुन्हा असं वाटलं तर पुन्हा थांबव."

त्या आठवड्यात आमच्या सूचनापेटीत चिठ्ठ्या पडायला लागल्या. ती पेटी मी स्वतः लावली होती आणि ती कायम रिकामीच असायची. पहिली चिठ्ठी अशी होती: 'मागच्या जिन्यावरचा दिवा पंधरा दिवस बंद आहे. रात्रपाळीला पायरी दिसत नाही.' रात्रपाळीला आमच्यापैकी कुणीच त्या जिन्याने जात नव्हतं. दिवा त्याच संध्याकाळी लावला.