ऑक्सिजन चेंबर, शॉकवेव्ह आणि ते 'जुनाट' प्लास्टर

व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज असा: 'शुगरवाल्यांची तळपायाची जखम भरत नाही? ऑक्सिजन चेंबर, शॉकवेव्ह, लेझर, काहीही घ्या. हमखास भरते, पाय कापावा लागत नाही. प्लास्टरचे दिवस गेले.'

'हमखास' म्हणे. स्वीडनमध्ये २०१० साली ९४ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना चेंबरमध्ये (म्हणजे जास्त दाबाच्या बंद खोलीत) खरा ऑक्सिजन, निम्म्यांना नुसती हवा. वर्षभरात जखम भरली ५२ टक्क्यांची, नुसत्या हवेवाल्यांत २९ टक्क्यांची. फरक चांगला आहे, पण हमखास कुठे?

'पाय कापावा लागत नाही.' कॅनडाच्या २०१६ मधल्या चाचणीत १०३ जण होते. मोठ्या शस्त्रक्रियेने पाय काढण्याची वेळ आली असे ठरले ते खऱ्या ऑक्सिजनच्या गटात ११, खोट्याच्या गटात १३. म्हणजे जवळजवळ सारखेच.

शॉकवेव्हच्या, म्हणजे जखमेवर ध्वनिलहरींचे धक्के देणाऱ्या, एका यंत्राला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली, तीही नेहमीच्या उपचारांच्या जोडीला. २४ आठवड्यांत जखम भरली ती यंत्रवाल्यांत ४४ टक्क्यांची, खोट्या यंत्रवाल्यांत ३० टक्क्यांची. लेझरचे अभ्यास छोटे, त्यात प्रत्येकाची मात्रा निराळी.

'काहीही घ्या' हे तर भलतंच. पायाचा काही भाग कापल्यानंतरच्या उघड्या जखमेला व्हॅक ड्रेसिंगचा (पंपाने जखमेतला स्राव ओढून घेणाऱ्या पट्टीचा) उपयोग दिसला आहे. रक्तपुरवठाच कमी असेल तर आधी डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफीसारखी तपासणी) करून रक्तवाहिनी पाहायची.

आता प्लास्टर, म्हणजे पावलापासून गुडघ्याखालपर्यंतचा घट्ट साचा; तो जखमेवरचा भार काढून इतरत्र वाटतो. मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच. बधिर पायाला दुखत नाही, म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो. वेल्लोरला शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या अशाच जखमा प्लास्टर घालून भरल्या. २००१ च्या एका अमेरिकन चाचणीत १२ आठवड्यांत प्लास्टरवाल्यांच्या सुमारे ९० टक्के जखमा भरल्या, भार कमी करणाऱ्या पण काढता येणाऱ्या बुटांत ५८ ते ६५ टक्के. कारण? पुढच्या एका अभ्यासात पावले मोजली, तर दिवसभराच्या चालण्यापैकी जेमतेम २८ टक्के चालणे बूट घालून झालेले! बाहेर जाताना बूट, घरात अनवाणी. प्लास्टर काढून कोपऱ्यात ठेवता येत नाही, एवढंच त्याचं 'तंत्रज्ञान'. चेंबरमधून दीड तासाने बाहेर आलेला पाय उरलेला दिवस त्याच जखमेवर उभा राहणार असेल, तर पैसे कशाचे मोजले?

अर्थात पू झालेल्या किंवा रक्त नीट न पोचणाऱ्या पायाला सरसकट प्लास्टर घालत नाहीत. ते पाय तपासूनच ठरतं.