‘रेल्वेआधी माल हलतच नव्हता’? बैलांना विचारा

सध्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. थोडक्यात असा: रेल्वे येण्याआधी आपल्याकडे रस्ते नव्हते, म्हणून माल गावात पिकायचा आणि गावातच खपायचा; साधा माणूस जन्मात वेस ओलांडत नसे; १८५३ साली आगगाडी धावली तेव्हा कुठे सह्याद्री उघडला.

‘रस्ते नव्हते’ हे अर्धं खरं आहे. गाडीरस्ते फार कमी होते. नाणेघाटातून एकदा खाली उतरून बघा, बैलगाडी तिथे जाणं शक्यच नाही. पण वाट सातवाहनांपासून वाहती आहे, आणि जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून माथ्यावर आहे. मालच जात नसेल तर जकात कसली घेत होते?

माल जायचा बैलाच्या पाठीवर. दोन्ही अंगांना लोंबणारी गोण, आणि असे हजारो बैल घेऊन चालणारा लमाणांचा तांडा, बायकापोरांसकट. १६३२ साली पीटर मंडी या इंग्रजाला उत्तरेत धान्याने लादलेल्या १४,००० बैलांचा तांडा भेटला. बैलामागे सव्वाशे किलो धरले तरी हे साडेसतराशे टन होतात. आजची भरलेली मालगाडी साडेतीन-चार हजार टन ओढते, म्हणजे जवळजवळ अर्धी मालगाडी चार पायांवर! वेग मात्र दिवसाला दहा-अकरा किलोमीटर. घाई नव्हतीच, कारण बैल वाटेतच चरायचे आणि वैरणीचा खर्च वाचायचा. म्हणून तर धान्य, मीठ असा स्वस्त आणि जड माल इतका लांब नेणं परवडायचं. लमाण हे नावही लवणावरून, म्हणजे मिठावरून आलं असं सांगतात.

रेल्वेनेच घाट उघडला म्हणावं, तर बोरघाटातला गाडीरस्ता १८३० चा आहे. बोरीबंदर-ठाणे गाडीच्या तेवीस वर्षं आधीचा.

आता वेस न ओलांडणारा माणूस. नामदेव पंढरपूरहून पंजाबात घुमानला पोचले, ते चौदाव्या शतकात. वारी तर सांगायलाच नको. आणि उलट दिशेने अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास होर्मुझहून घोडा घेऊन जहाजाने चौलला उतरला, तिथून चालत जुन्नर, पुढे बीदर. जुन्नरच्या खानाने घोडा हिसकावला आणि धर्म बदल म्हणून अडवलं. एका खुरासानी माणसाने रदबदली केली तेव्हा सुटका झाली.

वाट खरी अडवायचा तो पाऊस, आणि त्याचा त्या मजकुरात शब्दही नाही. निकितिन जुन्नरात दोन महिने अडकला आणि लिहून गेला: चार महिने रात्रंदिवस नुसतं पाणी आणि चिखल.