आत्याची पाण्याची गोळी बंद करणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात दापोलीला गेले तर आत्या पडवीत खुर्चीतच बसून झोपलेली. आडवं झालं की दम लागतो म्हणे. पायावर चपलेच्या पट्ट्याचा वळ, अंगठ्याने दाबलं तर खड्डा तसाच. ‘पाण्याची गोळी’ पाच दिवस बंद! कारण व्हॉट्सॲपवर फिरणारा तो मेसेज: हार्ट फेल्युअर असेल तर लघवीची गोळी सोडा, ती किडनी सुकवते, सैंधव हवं तेवढं खा, रोज चार लिटर पाणी प्या, हृदयाला पूर्ण विश्रांती द्या.

यातली गोळीची गोष्ट जिवावर बेतणारी आहे. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. त्याचा जोर कमी पडतो, शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि ते पायांत, फुप्फुसांत साचतं. फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड या गोळ्या ते लघवीवाटे काढतात. गोळी थांबवली की पाणी पुन्हा साचायला लागतं. बरं, एवढं मान्य: या गोळ्यांनी क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारा रक्तातला आकडा), पोटॅशियम बिघडू शकतं. म्हणून तर अधूनमधून रक्त तपासून डोस ठरवतात. जुलाब-उलट्या झाल्या तरी लगेच डॉक्टरांना विचारायचं. मनाने बंद करायची नाही.

त्याच संध्याकाळी तिला डॉक्टरांकडे नेलं. वाटेत खरं कारण बाहेर आलं: एसटीत लघवीची पंचाईत होते, त्यात हा मेसेज आला. अगं आत्ये, मग तेवढंच विचारायचं ना! डॉक्टर म्हणाले, प्रवासाच्या दिवशी घरी परतल्यावर घ्या.

सैंधव म्हणजेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. शिवाय आपल्याकडे पेजेसोबत खारा बांगडा आणि लोणचं असतंच, ते मीठ कोण मोजतं? ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. हृदयाच्या काही गोळ्यांबरोबर ते धोक्याचं, विचारल्याशिवाय नको. पाणी किती प्यायचं हे ज्याचं त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं. आणि तब्येत स्थिर असेल तर चालायचं, अंथरूण धरायचं नाही.

युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात: दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ टाळा, आणि तीन दिवसांत वजन अचानक २ किलोपेक्षा जास्त वाढलं तर डॉक्टरांना कळवा. हे आत्यालाही जमतं. मी वजनकाटा आणून दिलाय. सकाळी लघवीला जाऊन आली की चहाआधी ती काट्यावर उभी राहते आणि आकडा कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात लिहिते. आज तिचा फोन आला: “चोपन्न. कालच्यापेक्षा दोनशे ग्रॅम कमी. आणि काल रात्री पलंगावर झोपले गो.”