चष्मा लावून घरबसल्या खाण चालवण्याची नोकरी : खुलासा

जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : 'व्हीआर चष्मा लावा, घरबसल्या ऑस्ट्रेलियातली खाण चालवा. कोर्सची फी भरा, नोकरी पक्की.' व्हीआर चष्मा म्हणजे डोळ्यांसमोर आभासी दृश्य उभं करणारा, मान वळवली की दृश्यही वळवणारा चष्मा. या मेसेजवर विश्वास ठेवू नका.

दुरून यंत्रं चालवणं मात्र खरं आहे. रिओ टिंटो ही खाण कंपनी ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागातल्या लोहखनिजाच्या खाणींचं काम सुमारे १,५०० किलोमीटरवरच्या पर्थमधून सांभाळते. पण माणसं तिथं कंपनीच्या केंद्रात, स्क्रीनसमोर बसतात. अनेक डंपर तर आपोआप चालतात, माणूस लक्ष ठेवतो. भूमिगत खाणीतला लोडर (खनिज उचलून नेणारं यंत्र) जॉयस्टिकने चालवतात, तोही बऱ्याचदा त्याच खाणीच्या वरच्या खोलीतून. कॅमेऱ्याचं चित्र क्षणभर उशिरा आलं तरी बकेट भिंतीला घासते. चष्म्यात तो उशीर आणखी जाचतो : मान आधी वळते, दृश्य मागून येतं आणि गरगरायला लागतं. व्हीआरचा मोठा उपयोग आहे तो प्रशिक्षणात.

आपल्याकडे क्रशरवर, मुरमाच्या खाणीत पोकलेन चालवणारी पोरं कसबी आहेत. त्यांच्या घामाचा पैसा असा जाऊ नये, म्हणून हे लिहितोय. फी मागणाऱ्याला विचारा : खाण कोणती, नियुक्तीपत्र कोण देणार? पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.