अंगठी म्हणजे अणुबॉम्ब नव्हे

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीतली अफाट सत्ता देणारी जादूची अंगठी म्हणजे अणुबॉम्ब आणि ती घडवणारा खलनायक सॉरॉन म्हणजे हिटलर, असा मजकूर फिरतोय. तो चुकीचा आहे.

पुस्तक दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५४-५५ साली आलं, म्हणून हा समज चटकन पटतो. पण लेखक टोल्कीन यांनी लिहायला सुरुवात केली डिसेंबर १९३७ मध्ये. अंगठी नष्टच केली पाहिजे हे जादूगार गॅंडाल्फ कथानायक फ्रोडोला समजावतो, ते प्रकरण महायुद्ध अटळ दिसू लागण्याच्या कितीतरी आधीचं. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनीच हे सांगितलंय. खरं युद्ध डोळ्यांपुढे असतं तर अंगठी ताब्यात घेऊन सॉरॉनवरच वापरली गेली असती, असंही ते म्हणतात.

मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो, कारण सगळी कथा अंगठी नाकारण्यावर उभी आहे. फ्रोडो ती देऊ करतो तेव्हा गॅंडाल्फ जवळजवळ ओरडूनच नकार देतो. त्याला भीती स्वतःच्या दयाबुद्धीची असते: दुबळ्यांचं भलं करायच्या ओढीनेच अंगठी त्याला गिळेल. फ्रोडोचा सोबती, योद्धा बोरोमिर याला मात्र तिच्यात केवळ शस्त्र दिसतं, आणि तो ढळतो.

युद्धाचा ठसा पुस्तकात आहेच. दलदलीतल्या पाण्याखाली दिसणारे मृतांचे चेहरे आठवा. टोल्कीन पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत होते, आणि या दलदलीवर सोमनंतरच्या उत्तर फ्रान्सची थोडी छाया असल्याचं त्यांनी एका पत्रात लिहिलंय. पण ती भूदृश्यापुरती. कथानकावर दोन्ही महायुद्धांचा प्रभाव त्यांना मान्य नव्हता.