५९ हजारांची अट

‘उत्पन्नाची मर्यादा आहे म्हणूनच मुंबईत रेशन खऱ्या गरजूपर्यंत पोचतं,’ हे रेशनवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही बाप्पा. प्राधान्य कुटुंबाची, म्हणजे रेशनचं स्वस्त धान्य मिळणाऱ्या घराची, उत्पन्नाची मर्यादा शहरात वर्षाला ५९ हजार, आमच्या खेड्यात ४४ हजार. म्हणजे मुंबईत महिन्याला पाच हजारही नाही! आमचा पुतण्या दारव्ह्याकडून गोवंडीला गेला. माळ्यावरच्या एका खोलीचं भाडंच सात हजार देतो. एवढं भाडं भरणारा कागदावर गरीब ठरणार कसा? मग खोटा दाखला काढा, नाही तर गहू-तांदूळ दुकानातून विकत घ्या. कार्ड आता देशात कुठंही चालतं हे खरं, पण आधी ते बनलं तर पाहिजे.

झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेचं तर बोलूच नका. फुकट घर १ जानेवारी २००० आधीच्या झोपडीला, २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून. त्यानंतर कापूस-तुरीला कंटाळून गेलेल्या आमच्या पोट्ट्यांना काय? इकडे गावात घरकुलाच्या यादीत पुतण्याचं नाव होतं, तर ग्रामपंचायतीत म्हणतात, इथं राहत नाही, नाव कापतो.