‘स्कॅन स्वच्छ, म्हणजे झटका नाही’ या संदेशाबाबत खुलासा

मेंदूतील बारीक रक्तवाहिनी बंद पडून येणारा झटका (स्ट्रोक) किरकोळ असतो आणि सीटी स्कॅन स्वच्छ आला की रुग्णाला निर्धास्तपणे घरी न्यावे, असा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा असून घातकही आहे. या झटक्यात मृत झालेला भाग बहुधा 15 मिलिमीटरहून लहान असतो हे खरे, परंतु तो मेंदूच्या खोल भागात, जिथून हातापायांच्या हालचालींचे सर्व तंतू एकत्र दाटीने खाली उतरतात नेमक्या तिथे असेल, तर चेहरा, हात आणि पाय अशी संपूर्ण एक बाजू लुळी पडू शकते. बोलणे व शुद्ध शाबूत राहिल्याने घरच्यांची फसगत होते, ही मला सर्वांत चिंतेची बाब वाटते. सुरुवातीच्या तासांतील सीटी स्कॅन प्रामुख्याने रक्तस्राव नाही ना, हे पाहण्यासाठी असतो. एवढी लहान इजा त्यात अनेकदा दिसत नाही, ती एमआरआयमध्ये दिसते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन योग्य रुग्णांना लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांतच देता येते, त्यामुळे लक्षणे ओसरू लागली तरी रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. अशा झटक्यांमागे बहुतेकदा दीर्घकाळचा उच्च रक्तदाब असतो आणि ते वारंवार झाल्यास चाल व स्मरणशक्तीही ढासळते.